जाणणें आणि थांबणें

रोग कळला कीं तो अर्धा बरा झाला, अशी एक समजूत आपल्या समाजांत फार दिवसांपासून रूढ आहे. ती निराधार आहे असें नाहीं. विषमज्वर, क्षय, मधुमेह यांच्या बाबतींत लवकर झालेलें निदान म्हणजे बहुधा लवकर सुरू झालेला उपाय, आणि लवकर सुरू झालेला उपाय म्हणजे बहुधा वांचलेला मनुष्य, हा अनुभव कोणीहि नाकारणार नाहीं. या अनुभवामुळेंच 'जाणणें' आणि 'करणें' या दोन क्रिया आपल्या मनांत इतक्या चिकटून बसल्या आहेत कीं, त्यांच्यामध्यें एखादी तिसरी अवस्था असूं शकेल ही कल्पनाच आपणांस सहसा सुचत नाहीं. प्रस्तुत लेखांत ज्या रोगाचा आम्ही विचार करणार आहों, त्यानें मात्र ही जोडी सोडविली आहे. तेथें जाणणें पुष्कळदां शक्य असतें, करणेंहि शक्य असतें. पण करावें कीं नाहीं हा प्रश्न मागें राहतो, आणि तो वैद्यकाचा जितका तितकाच नीतीचा आहे असें आम्हांस वाटतें.

हा रोग म्हणजे पौरुषग्रंथीचा कर्करोग. ही ग्रंथि पुरुषांच्या शरीरांत मूत्राशयाच्या खालीं, मूत्रमार्गास वेढून असते. तिचा आकार अक्रोडाएवढा. उतारवयांत ती फुगते व लघवीस त्रास देते, हें बहुतेक घरांतील वडीलधाऱ्यांच्या अनुभवाचें आहे. परंतु ती निराळी व्याधि होय. कर्करोगाची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स येथील विकृतिशास्त्रज्ञ आर्नोल्ड रिच यांनीं १९३५ सालीं असें दाखविलें कीं, दुसऱ्याच कारणानें मरण पावलेल्या वृद्धांची शवपरीक्षा केली असतां त्यांपैकीं कित्येकांच्या या ग्रंथींत कर्करोग आढळतो, आणि त्याची वार्ताहि त्या मनुष्यास जन्मभर नसते. पुढें अशा परीक्षांची संख्या वाढत गेली. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यांत तिशीच्या आंतील पुरुषांत हें प्रमाण शेंकडा ५, तर ऐंशीच्या घरांत व पलीकडे गेलेल्यांत शेंकडा ५९ असें निघालें. म्हणजे निम्म्याहून अधिक अतिवृद्ध पुरुष हा रोग अंगांत घेऊनच जगतात आणि तो घेऊनच जातात, पण त्यानें जात नाहींत.

एवढेंच खरें असतें तर हा रोग पांढऱ्या केसांच्या पंक्तींत बसविला असता, आणि आम्हांस लेखणी उचलण्याचें कारण उरलें नसतें. परंतु याच नांवाचा दुसरा एक रोग आहे. तो ग्रंथीचा पडदा फोडतो, पाठीच्या मणक्यांत व कमरेच्या हाडांत शिरतो, आणि मनुष्यास अतिशय क्लेश देऊन मारतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणें त्या एका वर्षांत या रोगाचे नवे रोगी १४ लक्षांहून अधिक व मृत्यु जवळजवळ ४ लक्ष होते. सौम्य आणि क्रूर अशीं हीं दोन रूपें एकाच ग्रंथींत, एकाच नांवाखालीं वावरतात. बाहेरून त्यांत भेद दिसत नाहीं; किंबहुना आरंभीं दोहोंचेंहि लक्षण एकच, तें म्हणजे कोणतेंच लक्षण नसणें.

१९७० सालीं रिचर्ड ॲब्लिन या शास्त्रज्ञानें या ग्रंथीच्या एका विशिष्ट द्रव्याचा शोध प्रसिद्ध केला, आणि त्याच दिशेनें पुढें इतरांनीं केलेल्या कामांतून पी. एस्. ए. नांवाची रक्ततपासणी निघाली. अमेरिकेंत ती १९८६ सालीं ज्यांस रोग झालेलाच आहे त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठीं, आणि १९९४ सालीं रोग शोधण्यासाठीं म्हणून मान्य झाली. त्यानंतर जें घडलें तें रोग कळला कीं अर्धा बरा या समजुतीचेंच फळ होय. लक्षावधि धडधाकट पुरुषांचें रक्त तपासलें गेलें; ज्यांचा आंकडा वाढलेला त्यांस सुया टोंचल्या गेल्या; ज्यांच्या तुकड्यांत कर्करोग दिसला त्यांपैकीं बहुतेकांची ग्रंथि काढून टाकली गेली किंवा किरणांनीं जाळली गेली. यांत किती जण खरोखर वांचले व किती जण विनाकारण कापले गेले, हें त्या वेळीं कोणासच सांगतां येत नव्हतें. २०१० सालीं खुद्द ॲब्लिन यांनीं वृत्तपत्रांत लेख लिहून आपल्या शोधाच्या या सरसकट वापराचा निषेध केला. २०१२ सालीं अमेरिकन सरकारनें नेमलेल्या तज्ज्ञमंडळानें ही तपासणी सरसकट करूं नये असा निर्णय दिला, आणि २०१८ सालीं तोच निर्णय सौम्य करून, ५५ ते ६९ या वयांतील पुरुषांनीं वैद्याशीं विचार करून आपापलें ठरवावें असें म्हटलें. सहा वर्षांत मत फिरविणाऱ्या पंडितांस हंसणें सोपें आहे. पण ज्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंस माणसेंच उभीं आहेत, तेथें तराजूचा कांटा हलत राहिला तर त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

विनाकारण कापलें गेल्यानें बिघडतें काय, असें कोणी विचारील. इंग्लंडांत 'प्रोटेक्ट' या नांवानें जो मोठा प्रयोग झाला, त्यांत हा हिशेब प्रामाणिकपणें मांडलेला आहे. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा ४६ जणांस सहा महिन्यांनंतर लघवीवर ताबा नसल्यामुळें कापडी घडी वापरावी लागत होती, आणि सहा वर्षांनंतरहि शेंकडा १७ जणांस ती लागतच होती. संभोगास पुरेशी शक्ति आरंभीं शेंकडा ६७ जणांत होती. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनीं ती शेंकडा १२ जणांतच उरली. आपल्याकडील सभ्य लिखाणांत या गोष्टी बोलण्याचा प्रघात नाहीं. परंतु जी हानि बोलतां येत नाहीं ती हिशेबांत धरलीच जात नाहीं, आणि मग हिशेब चुकतो. म्हणून आम्हीं ती येथें उघडपणें लिहिली आहे.

तेव्हां खरा प्रश्न रोग आहे कीं नाहीं हा नसून, आहे तो कोणत्या स्वभावाचा आहे, हा आहे. स्वभाव ओळखण्याचें पहिलें मोठें साधन सूक्ष्मदर्शकानें दिलें. डोनल्ड ग्लीसन या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञानें १९६६ सालीं, पेशींची मांडणी किती विसकटली आहे यावरून एक ते पांच अशा पायऱ्या ठरविल्या. तुकड्यांत जे दोन नमुने अधिक प्रमाणांत दिसतील त्यांच्या अंकांची बेरीज करावयाची. व्यवहारांत आज ही बेरीज बहुधा सहापासून दहापर्यंत असते. सहा म्हणजे मवाळ, नऊ-दहा म्हणजे उग्र. परंतु सूक्ष्मदर्शकापुढें जो तुकडा यावयाचा तो सुईनें आणावयाचा, आणि ती सुई कालपरवांपर्यंत आंधळी होती. ग्रंथीच्या ठराविक दहाबारा जागीं ती टोंचावयाची आणि दैवानें जें हातीं लागेल त्यावर निकाल द्यावयाचा. परातभर तांदळांत दोन खडे असावेत आणि दहा चिमटी उचलून पाहाव्यात, तसा हा प्रकार. खडा न सांपडला म्हणजे तांदूळ स्वच्छ आहेत असें नव्हे, आणि सांपडला तो लहान खडा असला म्हणजे मोठा नाहींच असेंहि नव्हे.

या आंधळ्या सुईस डोळे देण्याचें काम एम्. आर्. आय्. या यंत्रानें केलें. त्याची क्रिया जाणून घेण्यासारखी आहे. आपलें शरीर बव्हंशीं पाणी आहे, आणि पाण्यांतील हायड्रोजनच्या अणूंचे गर्भ लहानशा लोहचुंबकांसारखे वागतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारों पट प्रबळ अशा चुंबकाच्या बोगद्यांत मनुष्यास निजविलें म्हणजे त्यांचा कल त्या चुंबकाच्या रोंखानें होतो; रेडिओच्या लहरींनीं त्यांस क्षणभर ढळविलें कीं, पूर्वस्थितीस येतांना ते एक क्षीण संदेश सोडतात, आणि त्या संदेशांवरून गणितानें चित्र उभें राहतें. निरोगी व रोगट मांसांतील हे संदेश सारखे नसतात, ही गोष्ट रेमंड डमेडियन यांनीं १९७१ सालीं उंदरांच्या अर्बुदांवरून दाखविली. २००३ सालीं या विद्येस नोबेल पारितोषिक मिळालें तें लॉटरबर व मॅन्सफील्ड यांच्या नांवें. डमेडियन वगळले गेले, आणि त्यांनीं वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन आपला संताप प्रकट केला. ऋषींच्या आश्रमांतहि मानापमान होतेच; प्रयोगशाळा त्यास कशी अपवाद असणार?

या ग्रंथीच्या बाबतींत सर्वांत उपयोगी पडते ती पाण्याच्या हालचालीची परीक्षा. निरोगी ग्रंथींत द्रवानें भरलेल्या लहान लहान पोकळ्या असतात व त्यांत पाण्याचे कण मोकळेपणें फिरतात. कर्करोग पेशींची दाटी करून त्या पोकळ्या बुजवून टाकतो; मग पाण्यास फिरावयास जागा उरत नाहीं. बाजाराच्या दिवशीं गल्लींतून चालणाऱ्याची जी गत, तीच त्या कणांची. ही कोंडी यंत्रास मोजतां येते, आणि सामान्यतः असें आढळतें कीं, कोंडी जितकी अधिक तितकी ग्लीसनची पायरी वरची. म्हणजे शस्त्र लावण्यापूर्वींच, केवळ पाण्याच्या चालीवरून, रोगाच्या स्वभावाचें अनुमान करतां येतें. चित्र वाचणारा तज्ज्ञ हें अनुमान एक ते पांच या अंकांत सांगतो: एक म्हणजे धोकादायक रोगाचा संभव अगदीं कमी, पांच म्हणजे फार.

पर्वतावरील धुरावरून अग्नीचें अनुमान करण्याचा नैयायिकांचा दृष्टान्त वाचकांस परिचित आहेच. तें अनुमान पक्कें ठरतें तें धूर आणि अग्नि यांचें साहचर्य कधींहि न चुकणारें आहे म्हणून. येथें मात्र साहचर्य चुकतें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'प्रॉमिस' नांवाच्या ब्रिटिश अभ्यासांत ५७६ पुरुषांचें प्रथम चित्र काढून नंतर त्यांच्या ग्रंथीच्या कणाकणांत सुया घालून पडताळा पाहिला. धोकादायक रोग असलेल्यांपैकीं शेंकडा ९३ जण चित्रानें हेरले; आंधळ्या सुईनें अवघे ४८. हा विजय मोठाच. पण त्याच अभ्यासांत चित्रानें संशयित ठरविलेल्यांपैकीं निम्म्यांतच तसा रोग निघाला, आणि निर्दोष ठरविलेल्यांतहि दर दहांमध्यें सुमारें एकांत तो होता. धूर आहे आणि अग्नि नाहीं. क्वचित् अग्नि आहे आणि धूर नाहीं. तर्कशास्त्राच्या वर्गांत अशा हेतूस सव्यभिचार म्हणून आम्ही बाजूस सारतों. रुग्णालयांत त्यास बाजूस सारतां येत नाहीं, कारण त्याहून चांगला हेतु जवळ नसतो. शिवाय २०१८ सालच्या 'प्रिसिजन' अभ्यासानें हेंहि दाखविलें कीं, चित्र पाहून मगच सुई घातली असतां धोकादायक रोग अधिक सांपडतो (शेंकडा २६ च्या जागीं ३८), आणि निरुपद्रवी रोग कमी सांपडतो (शेंकडा २२ च्या जागीं ९). निरुपद्रवी रोग 'कमी सांपडणें' हा लाभ मानावा, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासांत नवी आहे. कांहीं गोष्टी न कळणेंच बरें, हें आजवर कवि म्हणत असत; आतां शास्त्रज्ञ तें आंकडेमोड करून म्हणूं लागले आहेत.

येथपर्यंत शास्त्राचें काम झालें. आतां ज्याच्या हातांत तो निकालाचा कागद पडतो त्याच्याकडे वळूं.

आमचे एक स्नेही गणिताचे अध्यापक होते. तीस वर्षें त्यांनीं संभाव्यतेचें शास्त्र शिकविलें. निवृत्तीनंतर त्यांचें रक्त तपासलें गेलें, चित्र निघालें, सुई टोंचली गेली, आणि ग्लीसन सहा असा निकाल आला. चित्रांतील डाग लहान व पडद्याच्या आंत होता. डॉक्टरांनीं त्यांस घाई न करतां नजर ठेवण्याचा सल्ला दिला, व वर उल्लेखिलेल्या 'प्रोटेक्ट' प्रयोगाचे आंकडेहि समजावून सांगितले. तेथें १६४३ पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी वांटणी केली होती. कांहींवर केवळ नजर ठेवली, कांहींची ग्रंथि काढली, कांहींस किरण दिले. पंधरा वर्षांनंतर, २०२३ सालच्या वृत्तांतानुसार, या रोगानें मेलेले नजर ठेवलेल्यांत शेंकडा ३.१, शस्त्रक्रिया झालेल्यांत २.२ व किरण घेतलेल्यांत २.९ होते. भेद इतका थोडा कीं तो केवळ योगायोगाचाहि असूं शकेल. मात्र रोग इतरत्र पसरण्याचें प्रमाण नजर ठेवलेल्यांत शेंकडा ९.४ होतें, शस्त्रक्रिया झालेल्यांत ४.७. हें सर्व ऐकून घेऊन आमचे स्नेही आमच्याकडे आले, आणि म्हणाले, "अहो, शेंकडा तीन म्हणजे काय हें मला कळतें. फळ्यावर हजार वेळां समजावलेलें आहे. पण मी कांहीं शेंकडा तीन मरणार नाहीं. मी मेलों तर शंभर टक्के मरेन."

या उद्गारांत मोठा प्रश्न सांठविलेला आहे. संख्या समुदायाबद्दल बोलते. मनुष्य एकटा असतो. शंभरांतील तीन कोण हें संख्येस ठाऊक नाहीं, आणि त्या मनुष्यास तेवढेंच जाणावयाचें असतें. यावरून कित्येक जण असा निष्कर्ष काढतात कीं, व्यक्तीपुरते आंकडे निरर्थक होत. ज्यानें त्यानें आपल्या अंतःकरणास विचारावें. हें मत आम्हांस मान्य नाहीं. भीतीनें घेरलेलें अंतःकरण हा कांहीं निर्मळ आरसा नव्हे. तें नेहमीं एकच उत्तर देतें, कीं जें कांहीं आंत आहे तें उपटून टाका. 'माझें काय होईल' या प्रश्नाचें उत्तर संख्या देत नाहीं हें कबूल. परंतु 'काय होईल हें ठाऊक नसतां मी कसें वागणें शहाणपणाचें' या प्रश्नाचें उत्तर देण्यास दुसरें कोणतेंहि साधन आपणांजवळ नाहीं. आणि संसारांतील यच्चयावत् महत्त्वाचे निर्णय, विवाह, व्यवसाय, मुलांचें शिक्षण, आपण दुसऱ्याच प्रश्नाच्या उत्तरावर घेतों. फरक इतकाच कीं, तेथें आंकडे कोणी छापून हातांत देत नाहीं, म्हणून आपण निर्धास्त असतों.

परंतु थांबणें हाच सर्वत्र शहाणपणा, असेंहि कोणी समजूं नये. स्वीडन, फिनलंड व आइसलंड येथील ६९५ पुरुषांचा एक जुना प्रयोग आहे. त्यांतील बहुतेकांचा रोग रक्ततपासणीनें नव्हे तर लक्षणांवरून किंवा हातास लागल्यामुळें उघडकीस आलेला होता. म्हणजे तो बराच पुढें गेलेला होता. अशांत शस्त्रक्रियेनें सरासरी २.९ वर्षांचें आयुष्य वाढलें, असें २०१८ सालीं दिसून आलें. तेव्हां 'कापा' हा नियम केला तर मवाळ रोग्यांवर अन्याय होतो. 'थांबा' हा नियम केला तर उग्र रोग्यांवर होतो. सर्वांस एकच न्याय लावणें याचें नांव समता असेल, पण तो न्याय नव्हे. एम्. आर्. आय्. चें नैतिक मोल आमच्या मतें येथें आहे. ज्या वैद्यास दोन रोग्यांतील भेद दिसतच नव्हता, तो त्यांपैकीं एकावर अन्याय केल्यावांचून राहूंच शकत नव्हता, आणि त्याबद्दल त्यास कोणी दोष देऊं शकत नव्हतें. आतां भेद दिसूं लागला आहे. म्हणून आतां दोषहि देतां येईल. नवें साधन हातीं आलें म्हणजे सामर्थ्याबरोबर जबाबदारीहि येते ती ही.

आणि ती वैद्यास जड जाते, याचीं कारणें मनुष्यस्वभावांत आहेत. शस्त्रक्रिया केली आणि रोगी जगला, तर तो जन्मभर वैद्याचा ऋणी राहतो. शस्त्र न लावतांहि तो तितकाच जगला असता हें त्यास कधीं कळत नाहीं. शस्त्रक्रिया केली आणि रोगी पंगु झाला, तर लोक रोगास दोष देतात. पण थांबण्याचा सल्ला दिला आणि शंभरांतील त्या तिघांपैकीं एक मेला, तर मात्र खापर वैद्याच्या माथीं फुटल्यावांचून राहत नाहीं. ज्याची अनावश्यक शस्त्रक्रिया टळली तो कोणाचेहि आभार मानीत नाहीं. आपणांवरून काय टळलें याची त्यास जाणीवच नसते. अशा तराजूंत तोलला जाणारा वैद्य शस्त्राकडे झुकला तर त्यास लोभी म्हणणें उथळपणाचें होय. तराजू आपण समाजानें धरलेला आहे. करण्यानें झालेला अपाय आपण क्षमा करतों, न करण्यानें झालेला करीत नाहीं. वास्तविक नजर ठेवणें ही कांहीं निष्क्रियता नव्हे. ठराविक मुदतीनें रक्त तपासणें, चित्र पुन्हां काढणें, वेळप्रसंगीं सुई घालणें, आणि स्वभाव पालटतांना दिसला कीं शस्त्र हातीं घेणें, असा तो क्रम आहे. गीतेंत अकर्मांत कर्म पाहण्याची जी गोष्ट सांगितली आहे, तिचें याहून ठसठशीत उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

या संबंधांत आपल्या प्राचीन वैद्यकाची आठवण होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील दहाव्या अध्यायांत रोगांचे साध्य व असाध्य असे दोन वर्ग करून पुन्हां प्रत्येकाचे दोन भेद सांगितले आहेत: साध्यांत सुखसाध्य व कृच्छ्रसाध्य, असाध्यांत याप्य व अनुपक्रम. याप्य म्हणजे जो मुळापासून जात नाहीं, पण पथ्यानें व औषधानें आवरून धरतां येतो. असाध्य रोगास हात घालणाऱ्या वैद्याची विद्या, धन व कीर्ति जाते, असा इशाराहि तेथें आहे. म्हणजे कोठें थांबावें हा वैद्यकाच्या विद्येचाच भाग आहे, ही जाण आपल्याकडे जुनी. तरीहि ग्लीसन सहाचा हा रोग त्या चार कोष्टकांत बसत नाहीं. तो साध्य आहे, परंतु साधण्यांत हानि आहे. आणि न साधला तरी बहुधा हानि नाहीं. चरकाचार्यांस असे रोगी भेटले नसतील, कारण त्यांच्यापुढें जो येई तो दुःख घेऊन येई. दुःखापूर्वींच रोगी होणें हें आपल्या काळाचें वैशिष्ट्य होय.

यावर एक तोडगा सुचविला जातो. २०२२ सालीं कांहीं अमेरिकन तज्ज्ञांनीं असें प्रतिपादिलें कीं, ग्लीसन सहा या अवस्थेस कर्करोग म्हणणेंच सोडून द्यावें. नांव गेलें कीं भय जाईल आणि अनावश्यक शस्त्रक्रियाहि थांबतील. हेतु उदात्त आहे. परंतु सूक्ष्मदर्शकाखालीं ती अवस्था कर्करोगासारखीच दिसते, आणि सुईस सहा सांपडला त्याच ग्रंथींत शेजारीं आठ लपलेला असूं शकतो, हा विरुद्ध पक्षाचा आक्षेप आम्हांस बिनतोड वाटतो. वर्णन चुकीचें असेल तर नांव बदलावें; ऐकणाऱ्यास बरें वाटावें म्हणून बदलूं नये. तसें करणें म्हणजे आपल्या घरोघरीं जें चालतें तेंच शास्त्राच्या दरबारांत नेऊन बसविणें होय. आपल्याकडे निकालाचा कागद प्रथम मुलाच्या हातीं पडतो. मुलगा डॉक्टरांस बाजूस घेऊन म्हणतो, "बाबांना सांगूं नका." पुढील सर्व विचार बाबांस वगळून होतो, आणि ज्याच्या देहाचा प्रश्न त्यास 'एक लहानसें ऑपरेशन' एवढेंच सांगण्यांत येतें. यांत प्रेम आहे हें आम्ही जाणतों. पण वर सांगितलेली हानि सोसावयाची किंवा अनिश्चिततेंत राहावयाचें, ही निवड दुसऱ्यानें प्रेमानें केली म्हणून ती त्याची होत नाहीं. फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांचा हाच रोग, आणि तो हाडांत उतरलेला असा, १९८१ सालीं उघडकीस आला. १९९२ पर्यंत प्रजेपासून तो लपविला गेला आणि त्यांच्या प्रकृतीचीं खोटीं पत्रकें निघत राहिलीं. ते मात्र सात सात वर्षांच्या दोन्ही मुदती पुऱ्या करून १९९६ सालीं वारले. प्रजेस फसविलें हें निंद्यच. पण रोग्यास स्वतःस तो ठाऊक होता. आपल्याकडे नेमकें उलट: गल्लीस ठाऊक असतें, रोग्यास नसतें.

आपल्या देशासंबंधीं एक गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे. थांबावें कीं कापावें हा प्रश्न ज्यास पडतो तो एका अर्थीं भाग्यवान् मनुष्य. या रोगासाठीं निरोगी पुरुषांची सार्वत्रिक तपासणी करण्याची योजना हिंदुस्थानांत नाहीं, आणि पुष्कळ रोगी डॉक्टरकडे येतात ते पाठीचें हाड दुखूं लागल्यावर. मोठ्या शहरांपासून दूर राहणाऱ्यास हें चित्र काढणें व तें जाणत्यानें वाचणें या दोन्ही गोष्टी दुर्मिळ, आणि खर्चाची बाब आहे ती निराळीच. म्हणून पाश्चात्त्य देशांतील अतिनिदानाची चर्चा वाचून 'तपासणी नकोच' असा सोयीस्कर अर्थ कोणी काढील तर तो आत्मघात होईल. तेथें अधिक जाणल्यामुळें चुका झाल्या. येथें होतात त्या बव्हंशीं न जाणल्यामुळें.

आमच्या स्नेह्यांनीं अखेर थांबण्याचें ठरविलें, आणि तीन वर्षें ते थांबले. चौथ्या वर्षीं चित्रांतील डाग वाढलेला दिसला, सुईनें आणलेल्या तुकड्यांत चवथ्या पायरीचा नमुना आढळला, आणि शस्त्रक्रिया ठरली. तेव्हां त्या चित्राचा दुसराच उपयोग पुढें आला. या ग्रंथीच्या दोन्ही बाजूंस पुरुषत्वास कारण असणाऱ्या बारीक मज्जातंतूंच्या जुड्या असतात. त्या वांचवून ग्रंथि काढण्याची युक्ति बाल्टिमोरच्या पॅट्रिक वॉल्श यांनीं १९८२ सालीं साधली. पण रोग पडद्याला भिडलेला असेल तर त्या बाजूची जुडी वांचवितांना रोगहि मागें राहण्याचा संभव असतो. शल्यविशारदांनीं आमच्या स्नेह्यांस चित्र दाखविलें. उजवी बाजू मोकळी होती. डाव्या बाजूस डाग पडद्याला टेकल्यासारखा दिसत होता, पण बाहेर गेला आहे असें निश्चित म्हणतां येत नव्हतें. "डावीकडची जुडी ठेवूं कीं काढूं? चित्र याहून अधिक सांगत नाहीं, तुम्हीं सांगावयाचें," असें ते म्हणाले. गणिताच्या अध्यापकांनीं या वेळीं आंकडा विचारला नाहीं. पत्नी बाहेर बांकावर बसल्या होत्या. त्यांस आंत बोलावून घेतलें, आणि तेंच चित्र त्यांनाहि पहिल्यापासून समजावून सांगावें अशी डॉक्टरांस विनंति केली.